अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर : शासकीय अर्थसाह्याचे बदलते स्वरूप (दाना ओली, ग्वाल्हेर येथील उदाहरणांसह)

शासनाकडून मुलाच्या नावे दरमहा मिळणारी रक्कम मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की बंद होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धा खरा आहे. काही योजनांत रक्कम त्या दिवशी खरोखरच थांबते. काहींत ती चालू राहते, पण पालकाऐवजी मुलाच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागते. काहींत ती जुन्या नावाने बंद होऊन नव्या नावाने, नव्या अर्जावर सुरू होते. आणि अर्ज कोणी केलाच नाही तर ती कायमची बंद झाल्यासारखी दिसते. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा सतरा ते एकोणीस या वयाचा असतो. फी थकणे, हजेरी घटणे, मुलगा एकाएकी एखाद्या दुकानावर बसू लागणे, यांमागे कधी कधी हा एक वाढदिवसच असतो. म्हणून हे नियम शिक्षकांना ढोबळमानाने तरी माहीत असणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली डोळ्यांसमोर ठेवली आहे. लष्कर ही मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी, १८१० च्या सुमारास वसलेली. येथील 'ओली' हा शब्द मराठी 'ओळ' या शब्दाशी नाते सांगतो. नागपूरच्या जुन्या बाजारातही अशा ओळी आहेत. या भागातील मराठी कुटुंबांची एक वेगळीच अडचण होते. घरातील बोलणे मराठीत, आते-मामे नातलग पुण्या-नागपूरला, आणि सरकार मात्र मध्य प्रदेशचे. नातलग फोनवर बालसंगोपन योजना किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजना सांगतात. त्या महाराष्ट्र शासनाच्या आहेत, ग्वाल्हेरच्या रहिवाशाला त्यांचा उपयोग नाही. उलट मध्य प्रदेशातील ज्या योजना लागू पडतात त्यांची माहिती हिंदी परिपत्रकांत असते आणि ती घरापर्यंत पोहोचतेच असे नाही.

अठरावे लागणे आणि अठरा पूर्ण होणे

मराठीत 'मुलाला अठरावे लागले' आणि 'मुलाला अठरा पूर्ण झाली' हे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत व त्यांत एका वर्षाचे अंतर आहे. कायद्याला दुसरा प्रयोग अभिप्रेत आहे. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभी व्यक्ती सज्ञान होते. पूर्वी न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलांसाठी ही मर्यादा एकवीस होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती सर्वांसाठी अठरा झाली. याच अधिनियमाने विवाह, मेहेर, तलाक आणि दत्तक या बाबी सज्ञानतेच्या या नियमातून वगळल्या आहेत. त्यामुळे मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील बुलूगचे वय या बाबींपुरते चर्चेत येते. बँक खाते, करार किंवा शासकीय रक्कम स्वीकारणे यांसाठी ते लागू नाही.

व्यवहारात खरा घोटाळा जन्मतारखेचा असतो. उत्तरेकडील शाळांच्या पटावर १ जुलै आणि महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेली मुले इतकी का असतात, हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि नगरपालिकेच्या दाखल्यावर दुसरी असली, तर साह्य अपेक्षेपेक्षा आधी थांबू शकते, किंवा दोन कागद जुळत नाहीत म्हणून पुढचा अर्जच अडकतो.

चार घरे

समजा, दाना ओलीत चार घरे आहेत. घरे कल्पित आहेत, नियम खरे.

पहिल्या घरातील मुलीचे आईवडील दोघेही २०२१ च्या कोविड लाटेत गेले. तिच्या बाबतीत दोन योजना एकाच वेळी लागू होऊ शकतात. केंद्राच्या 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजनेत तिच्या नावे अशी रक्कम गुंतवलेली असते की अठरा पूर्ण होताना ती दहा लाख रुपये व्हावी. मात्र अठराव्या वर्षी हे दहा लाख हाती पडत नाहीत. अठरा ते तेवीस या काळात त्या रकमेवरचे मासिक उत्पन्न तिला मिळते आणि मूळ रक्कम तेवीस पूर्ण झाल्यावर. ही गुंतवणूक टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत असते. त्या योजनेची मुदत पाच वर्षांची, आणि अठरा ते तेवीस हा कालावधीही नेमका पाच वर्षांचा. पैसे ठेवले त्या दिवशीचा व्याजदर पूर्ण मुदतीला लागू राहतो. २०२१ मध्ये हा दर ६.६ टक्के होता, म्हणजे दहा लाखांवर महिना ५,५०० रुपये. एप्रिल २०२३ मध्ये तो ७.४ टक्के झाला, म्हणजे सुमारे ६,१६६ रुपये. दोन बहिणी दोन वेगळ्या वर्षी सज्ञान झाल्या तर त्यांच्या मासिक रकमेत फरक पडतो तो यामुळे. त्यात कोणाचा अपहार नसतो. आरोग्यविम्याचे पाच लाखांचे संरक्षणही तेवीस वर्षांपर्यंत आहे.

दुसरी योजना राज्याची, 'मुख्यमंत्री कोविड-१९ बाल सेवा योजना'. तीत दरमहा ५,००० रुपये मिळतात. अठरा पूर्ण होईपर्यंत ते पालकासह असलेल्या संयुक्त खात्यात जातात, त्यानंतर मुलीच्या वैयक्तिक खात्यात. साह्याची मर्यादा एकवीस वर्षे आहे. मुलगी पदवीचे शिक्षण घेत असेल तर चोवीस वर्षे अथवा अभ्यासक्रमाचा विहित कालावधी, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत. म्हणजे अठराव्या वाढदिवशी या घरात काहीच बंद होत नाही, फक्त खाते बदलते. ते वेळेवर न बदलल्यास रक्कम अडकण्याचा संभव राहतो आणि घरात 'अठरा झाली, बंद झाले' असे गृहीत धरले जाते.

दुसऱ्या घरातील मुलाचे आईवडील कोविडने नव्हे, वेगवेगळ्या आजारांनी गेले. तो मामाकडे राहतो. राज्याच्या २०२२ मधील 'मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजने'त नातलगांकडे वाढणाऱ्या अशा मुलाला दरमहा ४,००० रुपये प्रायोजन मिळते. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतील प्रायोजनाची रक्कमही तितकीच आहे. कायदेशीर आधार बाल न्याय अधिनियम, २०१५ चा. हे प्रायोजन अठरा पूर्ण होताच संपते.

येथे एक विसंगती आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. याच अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अठरा वर्षांनंतरच्या साह्याची, म्हणजे पश्चात् देखभालीची तरतूद आहे. ती एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून तेवीस वर्षांपर्यंत देता येते. पण कलमाचे शब्द बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलापुरते आहेत. बाल आशीर्वाद योजनेचा अठरा वर्षांवरील भागही संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठीच आहे. त्यांना उद्योगात उमेदवारी करताना एका वर्षापर्यंत दरमहा ५,००० रुपये, पॉलिटेक्निक, आयटीआय, पॅरामेडिकल, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट अशा व्यावसायिक प्रशिक्षणात दोन वर्षांपर्यंत दरमहा ५,००० रुपये, आणि नीट, जेईई किंवा क्लॅटमार्फत प्रवेश मिळाल्यास दरमहा ५,००० ते ८,००० रुपये व शिवाय शुल्क, अशी सोय आहे. आता मामाकडे वाढलेला मुलगा पाहा. मामाने त्याला बालगृहात न पाठवता घरी ठेवले, कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. संस्था हा शेवटचा उपाय मानला गेला आहे. तरीही अठराव्या वाढदिवसानंतर संस्थेतील मुलासाठी एक दरवाजा उघडतो आणि घरातल्या मुलासाठी तो उघडत नाही. जबाबदारी घेणाऱ्या नातलगावर हा अन्याय आहे, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही.

त्यातही वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो यावर बरेच अवलंबून असते. जून-जुलैत सतरा पूर्ण केलेल्या मुलाची बारावीची परीक्षा प्रायोजन चालू असतानाच होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्याचे महिन्याचे चार हजार बारावीच्या ऐन मध्यावर थांबतात. पैसे थांबले तरी मामाच्या घरातील खाणारी तोंडे तितकीच राहतात.

या मुलासाठी जे मार्ग उरतात ते वयाने नव्हे, इयत्तेने किंवा कामाने ठरणारे आहेत: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (ती ज्या प्रवर्गात मिळत असेल त्या प्रवर्गातून), राज्याची 'मेधावी विद्यार्थी योजना', आणि २०२३ मध्ये सुरू झालेली 'मुख्यमंत्री सीखो कमाओ योजना'. शेवटच्या योजनेत १८ ते २९ वयाच्या युवकाला प्रत्यक्ष कामावर शिकताना बारावी उत्तीर्णास ८,०००, आयटीआयला ८,५००, पदविकाधारकास ९,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे की मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ पासून पहिली ते आठवीसाठी राहिलेली नाही. घरातील थोरल्या भावाला सहावीत मिळाली म्हणून धाकट्यालाही मिळेल असे धरून चालता येत नाही.

तिसऱ्या घरात आईवडील आहेत, मुलगी 'लाडली लक्ष्मी' आहे. ही योजना २००७ मध्ये सुरू झाली, पण १ जानेवारी २००६ पासून जन्मलेल्या मुलींना लागू झाली. सहावीत २,०००, नववीत ४,०००, अकरावी व बारावीत प्रत्येकी ६,००० रुपये, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास २५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. एक लाख रुपयांची मोठी रक्कम मात्र एकविसाव्या वर्षी मिळते, तीही बारावीच्या परीक्षेस बसलेली असेल आणि अठरा पूर्ण होण्याआधी विवाह झालेला नसेल तरच. सर्वांत थोरल्या तुकडीतील मुली २०२४ मध्ये अठरा वर्षांच्या झाल्या; त्यांची एकविशी २०२७ पासून सुरू होते. अठरा हे वय येथे हाती पैसे पडण्याचे नाही, अट पूर्ण होण्याचे आहे. घरात मात्र 'अठराला लाख मिळणार' असे बोलले जाते आणि त्या भरवशावर कोठे उसनवारी होते, कोठे सोयरीकही ठरते.

गंमत अशी की याच राज्याची २०२३ मधील 'लाडली बहना' योजना विवाहित, विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांसाठी आहे. आधी तेवीस आणि पुढे एकवीस वर्षांपासून. म्हणजे एकविशीपर्यंत लग्न न करता शिकणारी मुलगी पहिल्या योजनेला हवी असते, तर दुसऱ्या योजनेत अविवाहितेला जागाच नाही. महाराष्ट्राच्या २०२४ मधील 'लाडकी बहीण' योजनेत कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीला तरी स्थान दिले आहे.

चौथे घर सर्वांत अवघड. मुलगा मतिमंद आहे, आई त्याचे सर्व काही पाहते. मध्य प्रदेशात चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात 'शिक्षा प्रोत्साहन' म्हणून दरमहा साह्य मिळते. अठरानंतर तेच साह्य दिव्यांग पेन्शनच्या शीर्षाखाली जाते. दिव्यांगत्व ऐंशी टक्के वा त्याहून अधिक असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन अठराव्या वर्षापासून लागू होते. तीत केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. राज्यातील पेन्शनची रक्कम २०१९ मध्ये ३०० वरून ६०० करण्यात आली. रक्कम लहान आहे हे खरे. परंतु घराबाहेर न पडू शकणाऱ्या मुलाच्या आईच्या हाती दरमहा नियमाने येणारी ती एकमेव रक्कम असू शकते.

अडचण रकमेपेक्षा सहीची आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत आईवडील मुलाचे नैसर्गिक पालक असतात. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मुलगा स्वतंत्र प्रौढ होतो, आई त्याच्या वतीने सही करू शकत नाही, आणि त्याला सही करता येत नाही. बँकेत तो 'केवायसी' पुरी करू शकत नाही म्हणून खाते थिजते. यावर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये उपाय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगत्व या चार प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी विधिवत पालक नेमते. हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. कित्येक कुटुंबे मात्र वकिलाकडे धाव घेतात. अंध, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग मुलाला हा उपाय लागू नाही आणि त्याची गरजही नाही. तो अठरा पूर्ण होताच स्वतःच्या नावे पूर्ण अधिकाराने खाते चालवू शकतो; २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने त्याची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली आहे.

अमेरिकेत अशा मुलाला केंद्रीय पूरक उत्पन्न मिळत असेल, तर अठराव्या वर्षी त्याची पात्रता प्रौढांच्या निकषावर पुन्हा तपासली जाते. त्यात काहींचे साह्य जाते. पण आईवडिलांचे उत्पन्न मोजणे त्या वयापासून बंद होते, त्यामुळे पूर्वी अपात्र असलेले काही जण पात्रही ठरतात. आपल्याकडे मोजणी कुटुंबाचीच राहते. ब्रिटनमध्ये बालभत्ता सोळाव्या वर्षानंतर शिक्षण चालू असेल तर वीस वर्षांच्या आतपर्यंत, आणि जर्मनीत शिक्षण वा प्रशिक्षण चालू असेल तर पंचवीसपर्यंत मिळू शकतो. तेथे प्रश्न वाढदिवसाचा नसून अभ्यासक्रम चालू आहे की नाही याचा आहे.

यतीम, बुलूग आणि रुश्द

शासनाबरोबरच मुस्लिम समाजात जकात समित्या व बैतुलमालही अनाथांना मासिक साह्य देतात. येथे वयाचा प्रश्न आणखी लवकर येतो. फिक्हच्या परिभाषेत यतीमपण बुलूगबरोबर संपते. म्हणून जेथे नाव 'यतीम' या सदराखाली नोंदलेले असते, तेथे चौदा-पंधराव्या वर्षीच ते यादीतून कमी होण्याचा संभव असतो. म्हणजे नववी-दहावीत, शासनाच्याही तीन वर्षे आधी.

वास्तविक तसे होण्याचे कारण नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत यतीम हा स्वतंत्र वर्ग नाही. अनाथ मूल जकात घेते ते फकीर किंवा मिस्कीन म्हणून, आणि गरिबी बुलूगने संपत नाही. त्यामुळे त्याच मुलाला मिस्कीन विद्यार्थी या नात्याने पुढेही जकात देता येते. केवळ नोंदवहीतील सदर बदलावे लागते.

सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथाची मालमत्ता त्याच्या हवाली करण्याचा विषय आला आहे. तेथे दोन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वयात येणे आणि रुश्द, म्हणजे व्यवहाराची समज. त्याआधी मुलांना पारखत राहावे आणि मालमत्ता सोपवताना साक्षीदार ठेवावेत, असाही आदेश आहे. रुश्द दिसला नाही तर किती काळ थांबायचे, यावर हनफी परंपरेतच मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते पंचवीस वर्षे झाल्यावर मालमत्ता सोपवावीच. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी रुश्दची अट कायम ठेवली. आजच्या भारतातही केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे कुटुंबनिवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील मुलांचे निवृत्तिवेतन पंचवीस वर्षांपर्यंतच चालते. या दोन पंचविशींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माणूस अठराव्या वर्षी आपल्या पायांवर उभा राहतोच असे नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखा दिसतो. 'पारखत राहणे' यात शिकवणेही येते. ज्या मुलीच्या खात्यावर अठराव्या वर्षापासून दरमहा रक्कम येणार आहे आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख येणार आहेत, तिला पासबुक वाचता येणे, ओटीपी कोणालाही न सांगणे, मुदत ठेव म्हणजे काय हे समजणे, या गोष्टी कम्युनिटी कॉलेजच्या वर्गातच शिकवता येतील.

खाते आणि कागद

अज्ञानाचे बँक खाते अठरा पूर्ण होताच आपोआप प्रौढाचे होत नाही. नमुना सही नव्याने द्यावी लागते आणि खाते कोण चालवणार याची सूचना नव्याने नोंदवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकांनी याची आगाऊ कल्पना खातेदाराला द्यावयाची आहे. आधारमधील बोटांचे ठसे व छायाचित्र पंधराव्या वर्षानंतर अद्ययावत केलेले नसतील तर येथेच काम अडते. मध्य प्रदेशात याशिवाय समग्र आयडी असतो: कुटुंबाचा आठ अंकी, व्यक्तीचा नऊ अंकी. त्यातील जन्मतारीख आणि आधारवरील जन्मतारीख एकच असावी लागते.

महाविद्यालयांकडून नकळत होणारी एक चूकही सांगितली पाहिजे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांची नवी खाती एखाद्या बँकेत सामूहिकरीत्या उघडली जातात व त्यांना आधार जोडला जातो. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. आई जुन्या बँकेत महिनोन्महिने खेटे घालते, आणि पैसे मुलाच्या नव्या खात्यात पडून असतात. रक्कम 'बंद' झाल्याची तक्रार आली की आधी एवढे तपासावे.

प्रवेश अर्जात जन्मतारखेच्या रकान्याशेजारी 'सध्या मिळणारे साह्य' असा एक रकाना ठेवला, तर पुढील बारा महिन्यांत कोणाला अठरा पूर्ण होणार हे शिक्षकाला जुलैतच दिसेल. संस्थेतून आलेल्या मुलाचा पश्चात् देखभालीचा अर्ज त्याने संस्था सोडण्यापूर्वीच जिल्हा बाल संरक्षण एककाकडे जावा. बाहेर पडून गाव बदलल्यावर त्याचा माग काढणे कठीण जाते. मतिमंद मुलाच्या पालकत्वाची कागदपत्रे सतराव्या वर्षीच जमवून ठेवावीत, म्हणजे अठरा पूर्ण होताच अर्ज देता येईल. पेन्शनचे अर्ज लोकसेवा केंद्रावर देता येतात आणि तेथे पावती मिळते. सेवा ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशात प्रथम केला, त्यामुळे त्या पावतीवरील तारखेला अर्थ आहे. मुदत उलटल्यास मंगळवारच्या जनसुनवाईत किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तीच पावती दाखवून तक्रार नोंदवता येते.